धुराची प्रदक्षिणा

झाशीत धूर कुठून निघेल, कसा वळेल आणि शेवटी कुणाच्या नाकात जाईल, हे आधी कागदावर मांडून दाखवणारा एकच माणूस आहे, आणि तो सध्या तुमच्याशी बोलतोय! ही बढाई नव्हे. इथल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी आयुष्यभर प्रवाहशास्त्र शिकवलं. पाणी, हवा, वाफ, धूर, जे जे वाहतं ते ते माझ्या अखत्यारीत येतं. घरात मात्र याची कदर नाही. माझी बायको इंदू "दुधाकडे बघा हं" म्हणून आत जाते. मी बघतो. फार लक्षपूर्वक बघतो. सायीखाली भोवरे कसे उठतात ते बघतो, आणि दूध उतू जातं. "बघा म्हणजे गॅस बंद करा!" असं ती मागाहून सांगते. आधीच नीट सांगायला काय होतं?

पण विषय दुधाचा नाही, धुराचा आहे.

माझी थोरली बहीण अंबिकाताई. तिला तरुणपणापासून दमा. आणि आम्ही पडलो गुरसरायच्या जहागिरीत पौरोहित्य करायला आलेल्यांचे वंशज. जहागीर गेली, पौरोहित्य गेलं, घरातली मराठीसुद्धा निम्मी उरली, पण होम काही गेला नाही. घर बांधलं, होम. विहिरीवर मोटर बसवली, होम. प्रत्येक वेळी ताई मागच्या खोलीत दार लावून बसायची.

एकदाच ती तशी बसली नाही. तिच्या एकुलत्या एका मुलाची, विद्याधरची, मुंज होती. ताई हट्टाने होमाजवळ बसली आणि पहिल्या आहुत्यांनाच दमा असा उसळला की तिला उचलून बाहेर न्यावं लागलं. 'भवति भिक्षां देहि' म्हणत पोरगं झोळी पसरून उभं राहिलं, आणि पहिली भिक्षा, जी आईने घालायची, ती काकूने घातली. त्यानंतर ताई कुणाच्याही मुंजीला गेली नाही.

आता विद्याधरच्या मुलाची, निनादची, मुंज ठरली. विद्याधर राहतो बंगळुरूला, पण मुंज झाशीतच व्हायची होती. मुहूर्त मे महिन्याचा. ज्यांनी झाशीचा मे महिना पाहिलाय त्यांना वेगळा होम पेटवायची गरजच काय, असा प्रश्न पडेल.

"मी घरीच थांबीन रे," ताई म्हणाली. "फोटो दाखवा म्हणजे झालं."

ते 'म्हणजे झालं' मला ऐकवेना. मी म्हणून बसलो, "ताई, तू पहिल्या रांगेत बसशील! धुराचा एक कण जरी तुझ्याकडे फिरकला, तर नावाचा जनार्दन नाही!"

"मग दुसरं नाव आताच ठरवून ठेवा," इंदू म्हणाली. "ऐनवेळी सुचत नाही."

योजना साधी होती. खंडेराव गेटजवळ आमच्या मंडळाचं सभागृह आहे. छत उंच, छताच्या मधोमध धूर ओढून घेणारा एक्झॉस्ट. होम बरोबर त्याच्या खाली मांडायचा. हॉलच्या चार कोपऱ्यांत चार फर्राटे, म्हणजे लग्नाच्या मांडवात पाहुण्यांचे पदर आणि टोप्या उडवणारे ते दांड्यावरचे मोठे पंखे. प्रत्येकाचं तोंड एकेका भिंतीला समांतर. चौघांनी मिळून हॉलमधली हवा गोल फिरवायची, मधोमध भोवरा उठणार, आणि धूर त्यात पिळला जाऊन सुंभासारखा सरळ वर!

याचं गणित मी माझ्या जुन्या प्रोग्रामवर केलं. विद्याधरही याच धंद्यातला. मोटारीच्या इंजिनाभोवती हवा कशी फिरते याची तो संगणकावर चित्रं काढतो, आणि त्याचे त्याला माझ्या पेन्शनच्या कित्येक पट मिळतात. दोघांनी वेगवेगळं गणित करायचं आणि फोनवर ताडून बघायचं, असं ठरलं.

"मामा, हेलिसिटी काय येतेय?"

"प्लस."

"माझी पण प्लस! एकदम सही!"

"शाब्बास रे पठ्ठ्या!"

हेलिसिटी म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण आठवा. ते नुसतं फिरत नाही, फिरता फिरता वर किंवा खालीही सरकतं. हवेचंही तसंच. ती किती फिरते आणि किती पुढे सरकते, या दोहोंचं मिळून एक माप म्हणजे हेलिसिटी. आता फिरायच्या दिशा दोन, म्हणून एकीला प्लस म्हणायचं आणि दुसरीला मायनस. कुठलीला काय, हे निसर्ग सांगत नाही. ते माणसांनी आपसात ठरवायचं असतं.

आणि आम्ही ते ठरवलंच नव्हतं!

साऱ्या जगात वरून बघताना घड्याळाच्या उलट फिरणं प्लस धरतात. माझ्या प्रोग्राममध्ये घड्याळाप्रमाणे फिरणं प्लस आहे. कारण मी तो डॉक्टरेटसाठी लिहीत होतो, तेव्हा समोर अंगणात आई तुळशीला प्रदक्षिणा घालत होती. प्रदक्षिणेची दिशा मायनस धरायची? आपल्या आईला मायनस? माझ्याच्याने झालं नाही. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "लेकिन पूरी दुनिया तो इससे उल्टा मानती है।" मी म्हटलं, "दुनिया के लिए फुटनोट दे देंगे, सर।" ते फुटनोट द्यायचं राहून गेलं.

तेव्हा फोनवर मामा-भाचे एकमेकांना प्लस सांगून खूश होत होते. माझा धूर सव्य फिरत होता, म्हणजे प्रदक्षिणेच्या दिशेने. त्याचा अपसव्य, म्हणजे जी दिशा आपल्याकडे फक्त श्राद्धाला चालते त्या दिशेने. आमचं इतकं एकमत आयुष्यात पूर्वी कधी झालं नव्हतं. तिथेच संशय यायला हवा होता.

मुंजीच्या आदल्या दिवशी मी तालीम घेतली. टेंटवाला परमलाल चार फर्राटे घेऊन आला. मी टेप घेऊन प्रत्येकाचं भिंतीपासूनचं अंतर मोजू लागलो, तसा तो कंटाळून खाली बसला.

"दादा, पंखा तो पंखा आय। जितै मों कर दो, उतै हवा दैहै। इत्तो का नाप रए?" तोंड कराल तिकडे हवा, त्यात एवढं मोजायचं काय, असा त्याचा सवाल.

"परमलाल, ये साइंस है."

"हओ," तो म्हणाला, आणि त्याने तंबाखू मळायला घेतली.

चारही पंखे सव्य लागले. होमाच्या जागी घमेल्यात गोवऱ्या पेटवल्या. धूर उठला, जरा घुटमळला, मग वळला, पिळला, आणि सरळ वर एक्झॉस्टमध्ये गेला! ताई दारात पदर नाकाला लावून उभी होती. हळूहळू पदर खाली आला. ती एक पाऊल आत आली. मग आणखी एक. मग म्हणाली, "खुर्ची दे रे." बसली. खोकली नाही! मला इतका आनंद झाला की मी परमलालला मिठी मारली. तो म्हणाला, "अरे दादा, तमाखू गिर गई!"

ताईची खुर्ची जिथे होती तिथे मी जमिनीवर खडूने चौकोन आखला. निघताना ती हळूच म्हणाली, "जना, आईची चांदीची वाटी काढून ठेवते. आजीची भिक्षा त्यातनं घालीन."

आता इथून पुढे नीट लक्ष द्या, कारण इथून पुढे जो तो माझं भलं करायला निघतो.

पहिला विद्याधर. पहाटे गाडीतून उतरला तो सामान टाकायला थेट हॉलवर. पंखे बघून त्याला धक्काच बसला. त्याच्या प्लसच्या हिशोबाने ते सगळे उलटे! पोरगा सभ्य. 'मामांचं वय झालं, चारचौघांत कशाला बोला,' असा विचार करून त्याने चारही पंख्यांची तोंडं गुपचूप फिरवली, आणि कुणाला काही न सांगता आंघोळीला गेला. चारही अपसव्य!

दुसरा मी. सोवळं नेसून हॉलच्या दारातून आत आलो, तर दाराकडचे दोन्ही पंखे भलतीकडे तोंड करून उभे! झाडणाऱ्यांनी ढकलले असणार, असं म्हणून मी ते दोन गुपचूप पूर्ववत सव्य केले. परमलालला ओरडायचं नाही, असं कालच्या मिठीनंतर ठरवलं होतं. पलीकडच्या दोन पंख्यांकडे वळलो, तोच वाकून रांगोळी काढत असलेली इंदू कडाडली.

"खबरदार! रांगोळी!"

रांगोळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत होती. कमळं, मोर, आणि मधे 'सुस्वागतम'.

"अगं, पण ते पलीकडचे पंखे..."

"पंखे पळून जात नाहीत. एक मोर पुसला गेला तर मी जाईन!"

मी टाचा उंचावून लांबूनच बघितलं. फर्राट्याला पुढे जाळी, मागे जाळी. लांबून तोंड कुठलं नि पाठ कुठली ते कळत नाही. मला ते ठीक वाटले. माणसाला जे हवं असतं ते ठीकच वाटतं.

म्हणजे आता दाराकडचे दोन पंखे माझ्या मताचे आणि पलीकडचे दोन विद्याधरच्या मताचे, आणि हे त्या क्षणी साऱ्या झाशीत कुणालाही ठाऊक नव्हतं.

पाहुणे जमले. पूर्वेकडे निनादच्या आईची, शकुंतलाची, माहेरची नागपूरकर मंडळी. पश्चिमेकडे आम्ही झाशीकर. ताई तिच्या खडूच्या चौकोनात, हिरवं लुगडं नेसून, मांडीवर चांदीची वाटी. इंदूने तिला विचारलं, "ताई, दम्याचा पंप घेतलात ना?"

"घरी ठेवला मुद्दाम," ताई म्हणाली. "जनाने एवढं केलंय. त्याला वाईट वाटेल."

इंदू शांतपणे म्हणाली, "दुसरा माझ्या पर्समध्ये आहे." या बाईला शास्त्रावर विश्वासच नाही!

यज्ञेश्वरगुरुजींनी अग्नी पेटवला. तूप पडलं. धूर उठला, माणसाच्या उंचीएवढा वर गेला, तिथे थांबला, आणि एक्झॉस्टकडे ढुंकूनही न बघता आडवा होऊन थेट नागपूरकरांवर गेला!

पहिल्यांदा शकुंतलाचे वडील खोकले. मग सगळी रांग. एक आजोबा डोळे मिटून अंदाजाने उठले ते शेजारच्यांच्या मांडीवर बसले.

"हे काय," शकुंतलाचे वडील दारातून गरजले, "धूर फक्त आमच्याकडे? हे ठरवून चाललंय का?"

"व्याही, तसं नाही!" मी धावलो. "हे चिन्हाचं काहीतरी..."

"अपशकुनाचं चिन्ह? मुंजीत?"

आणि नागपूर बाहेर गेलं. बाहेर रणरणतं ऊन, अंग भाजून काढणारी लू सुटलेली, तरीही गेलं!

मी ओरडलो, "पंखे उलटे करा!" होमाजवळून विद्याधर ओरडला, "परमलालजी, चारों उल्टा करो!" गुरुजींनी मंत्र थांबवला आणि डावीकडे बोट दाखवलं. "जनार्दनराव, त्या बाजूचा धूर अपसव्य फिरतोय! मी मुंजीला आलोय की श्राद्धाला? आधी तो उलटा करा!"

तिघांचं एकमत.

"चारऊ?" परमलालने खात्री करून घेतली.

"चारों!" आम्ही तिघे एका सुरात.

त्याने मोर तुडवत जाऊन चारही पंखे फिरवले. इंदूचा चेहरा मी पाहिला नाही. मुद्दामच पाहिला नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझे दोन होते ते विद्याधरच्या मताचे झाले, आणि त्याचे दोन होते ते माझ्या. भांडण जसंच्या तसं, फक्त पक्ष बदलले! धुराने नागपूरची रिकामी बाजू सोडली, पाठ फिरवली, आणि सरळ झाशीवर चाल करून आला. होमाच्या पश्चिमेला बसलेला बटू, आईवडील, गुरुजी, त्यांच्यामागे आमची सगळी आळी, सगळे त्यात बुडाले. झाशीही बाहेर पळाली. शकुंतला आंधळ्यासारखी चाचपडत नळाकडे गेली. रस्त्यावरच्या नागपूरकरांनी आमच्या लोकांना येताना पाहिलं, आणि तिचे वडील म्हणाले, "चला. न्याय झाला."

"गुरुजी, थांबायचं का?" विद्याधर खोकत म्हणाला.

"मंत्राला डोळे लागत नाहीत," गुरुजी डोळे मिटून म्हणाले. "मुहूर्त जातोय. चालू द्या. मात्र आता उजव्या बाजूला श्राद्ध सुरू झालंय, एवढं लक्षात असू द्या."

आणि तेव्हा मला ताई आठवली.

धुरात काही दिसेना. मी तिला शब्द दिला होता, आणि माझ्या शब्दावर ती पंप घरी ठेवून आली होती! "इंदू! पर्स!" मी पंप घेतला, आणि नाकाला उपरणं लावून धुरात शिरलो. एका खुर्चीला अडखळलो. दुसरी उलथली. तिसऱ्या पावलाला धुरातून बाहेर पडलो, आणि समोर ताई.

तिच्याभोवती धूर गोल फिरत होता आणि मधोमध स्वच्छ हवा होती. तिच्या पदराचं टोकसुद्धा हलत नव्हतं. चार पंख्यांच्या भांडणातून हॉलमध्ये एकाचे दोन भोवरे झाले होते, एकमेकांच्या उलट फिरणारे, आणि मी भलत्याच हिशोबाने आखलेला खडूचा चौकोन त्यातल्या एकाच्या ऐन पोटात आला होता. भोवऱ्याच्या मध्यावर हवा स्वस्थ असते. पंखे उलटे केले तरी मध्य तिथेच राहतो.

"ताई! श्वास लागतोय?"

"लागतोय कसला? बाजूला हो," ताई म्हणाली. "तू समोर उभा राहिलास की मला निनाद दिसत नाही."

मी बाजूला झालो. तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो.

होम आटोपला, धूर ओसरू लागला. निनाद झोळी घेऊन उभा राहिला. गुरुजी डोळे न उघडताच म्हणाले, "मातेने पहिली भिक्षा घालावी."

कुणी पुढे आलं नाही. शकुंतला नळावर. काकवा, माम्या, आत्या सगळ्या रस्त्यावर.

"सभागृहात कुणी माता आहे का?" गुरुजींनी विचारलं. "वेळ टळतेय!"

विद्याधरने लाल डोळ्यांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. ती फिरत फिरत एका खुर्चीवर थांबली.

"आई," तो म्हणाला, "तू ये."

ताई उठली. निनाद खोकत खोकत म्हणाला, "ॐ भवति भिक्षां देहि." तिने वाटीतले तांदूळ आणि लाडू त्याच्या झोळीत घातले. एक दाणा बाहेर पडला नाही. मग ती वळली. वाटीत तिने थोडे तांदूळ मागे ठेवले होते. ते तिने विद्याधरच्या ओंजळीत ओतले.

"तुझी राहिली होती," ती म्हणाली.

विद्याधरने उपरणं डोळ्यांना लावलं. "धूर," तो म्हणाला. धूर तर होताच. मीही तेच म्हणालो.

शकुंतला ओल्या तोंडाने दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिने दुसरी भिक्षा घातली आणि सासूच्या पाया पडली. बाहेरची नागपूरकर मंडळी मठ्ठा प्यायल्यावर निवळली. इंदू अजून पूर्ण निवळलेली नाही, मोरांचा विषय निघाला की समजतं.

दुपारी पंगती उठल्यावर मी आणि विद्याधर संगणकासमोर बसलो. पहाटे कुणी काय फिरवलं हे आधी दोघांनीही कबूल केलं नाही. मग केलं. मग प्रत्यक्षात जे घडलं त्याचं गणित मांडलं. मी माझ्या चिन्हाने, त्याने त्याच्या. हेलिसिटीची एकूण बेरीज माझीही शून्य, त्याचीही शून्य. शून्याला चिन्ह नसल्यामुळे वाद झाला नाही. गणितात आणखी एक गोष्ट निघाली. चारही पंखे सव्य लावले असते तरी धूर सरळ वर गेला असता, आणि चारही अपसव्य लावले असते तरी तितकाच सरळ गेला असता. चौघांनी फक्त एकाच दिशेने हवा फिरवायला हवी होती. हे आम्ही गुरुजींना सांगितलेलं नाही.

ताईला तर काहीच सांगता येईना. ती मात्र साऱ्या गावाला सांगत सुटलीय. "हॉलभर धूर, आणि माझ्यापाशी एक कण नाही! जनाचं शास्त्र आहे ते!" शब्दशः खरं आहे. माझं नाव जनार्दनच राहिलंय.

काल ती घरी आली होती. पुढच्या वैशाखात मऊरानीपूरला आमच्या नात्यातल्या भानुमतीच्या नातवाची मुंज आहे, आणि ताईने आमच्या वतीने तिथला होम स्वीकारून टाकलाय.

"पंखे तूच लाव," ती म्हणाली. "आणि हे बघ जना, काही सुधारणा करत बसू नकोस. अगदी परवासारखंच हवं!"

तेव्हापासून रोज रात्री विद्याधरचा फोन चालू असतो. चारांतले दोन पंखे चुकीचे लावायचे, इथवर आमचं पक्कं ठरलंय. आता त्यातले चुकीचे कुठले, यावर तो म्हणतो मामांचे, आणि मी म्हणतो त्याचे.